खुर्ची पायजे का मानूस?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, राजेहो! धानाच्या बांध्यांतून चाललं की धोतराला कुसळं चिकटतात ना, तसं असतं ते. चालताना कळत नाही. घरी येऊन निवांत बसलं की मग टोचतात. मी तहसील कचेरीत पंचायतीच्या टेबलावर कारकून होतो, सत्तरच्या दशकात आणि पुढं ऐंशीतही. आता दुपारी जेवून आडवा होतो, पंखा गरगरतो, डोळ्यांवर झापड येते आणि एकेक कुसळ टोचायला लागतं. मी एकटाच हसतो. बायको आतून म्हणते, "झालं एकट्यानं हसायचं सुरू!"

आमच्या आवारात डावीकडं तहसील होती आणि उजवीकडं फौजदारी कोर्ट. मध्ये चिंचेचं मोठं झाड. झाडाखाली स्टुलावर तुळशीराम शिपाई. गावोगावचे लोक सरपंचाविरुद्ध तणतणत यायचे, पण नेमकं कुठल्या खोलीत शिरायचं ते कोणालाच माहीत नसायचं. तुळशीराम अर्ज वाचायचा नाही. एकच प्रश्न विचारायचा.

"खुर्ची पायजे का मानूस?"

खुर्ची काढून घ्यायची असेल तर डावीकडं, अविश्वासाचा अर्ज. माणूस आत टाकायचा असेल तर उजवीकडं, फिर्याद. एलएलबी झालेल्या वकिलांनाही एवढं सोपं सांगता येत नव्हतं!

एकदा एक जण म्हणाला, "मले दोनी पायजे!"

तुळशीराम शांतपणे म्हणाला, "मंग घरून डबा घेऊन येत जा. येळ लागन."

* * *

दोन्ही खोल्यांत एकाच वेळी नाव लागलेला माणूस मी एकच पाहिला. श्रावणभाऊ. सिहोऱ्याच्या पलीकडं एका गावचा सरपंच. गावाचं नाव विचारू नका, तिथले लोक अजून माझ्या घरी येतात.

झालं असं, की एका भादव्यात तीन दिवस झड लागली. गावचा तलाव काठोकाठ भरला. सकाळी लोक पाहतात तर पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, मधोमध पाझरायला लागलेली! पाळीच्या खाली टोला होता, मजुरांची चाळीस घरं. पाळ तिथं फुटली असती तर घरं, माणसं, शेळ्या, सगळंच गेलं असतं. श्रावणभाऊनं एका कडेला पाळ फोडली आणि पाणी शेतांकडं वळवलं. टोला वाचला. उपसरपंच डोमाजीचं बारा एकर पोटरीतलं धान मात्र पाण्याखाली गेलं.

तलाव सरकारी. पाळ फोडणं गुन्हा. खात्यानं फिर्याद दिली. पोलिसांनी विचारलं तेव्हा श्रावणभाऊ म्हणाला, "मीच फोडली. एकट्यानं." तिकडून उजवीकडची केस लागली. आणि पंधरा दिवसांत डोमाजीनं डावीकडं अविश्वासाचा अर्ज टाकला! हे दोघं म्हणजे लहानपणापासूनचे जोडीदार. बांधीला बांधी लागून, म्हणजे धानाची शेतंही शेजारी-शेजारी. पण पाळ फुटली त्या दिवसापासून डोमाजी त्याच्याशी बोलेनासा झाला होता.

श्रावणभाऊ माझ्या टेबलापाशी आला. खांद्यावर ओला दुपट्टा, डोळे लाल. म्हणाला, "बाबू, खुर्चीचं जाऊ द्या. घरी मी आन बायको, दोघंच आहोत. कापनीले मी घरी राहीन का जेलात, तेवढं सांगा."

मी काय सांगणार? माझं टेबल खुर्चीचं होतं.

* * *

आमचे तहसीलदार पाटणकरसाहेब. साताऱ्याकडचे. बोलता बोलता कुठंतरी निघून जायचे, म्हणजे बसलेले समोरच, पण नजर लांब. दौऱ्यावर निघालं की जीप हमखास बंद पडायची, मग पुढचा प्रवास बैलगाडीनं. तलावाच्या काठाकाठानं गाडी चालली आहे, पाण्यावर कमळाची पानं पसरली आहेत, पलीकडच्या काठावर सारसाची जोडी उभी आहे आणि साहेब मला राज्यघटना सांगताहेत! मला त्यातलं निम्मं ऐकू यायचं, निम्मं झोपेत जायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

एका गावात सभा सुरू व्हायची होती. साहेबांनी लोकांना समजावलं, "तुमच्याकडं अविश्वास, तसा दिल्लीत राष्ट्रपतींसाठी महाभियोग असतो. संसद बसते, आरोप ठेवते, मत घेते. पद जातं. तुरुंग वगैरे नाही, फक्त पद."

मागून एक म्हातारा उठला. "सायेब, आन राष्ट्रपतीनं कोनाची कोंबडी चोरली तं?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. सभा झाली, चहा झाला, गाडी निघाली. साहेबांची नजर लांब. नाकाडोंगरीच्या रस्त्याला सागाचं जंगल लागलं, पानं वाजत होती, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, माझा डोळा लागला. कोणीतरी दंड हलवला म्हणून जागा झालो.

"पद असेपर्यंत फौजदारी चालत नाही हो!" साहेब म्हणाले. "आधी खुर्ची जायला पाहिजे, मगच कोंबडी. पण कोंबडी चोरणं हा घटनेचा भंग धरायचा का, हे मात्र मला ठरवता येत नाही."

माझ्या माहितीप्रमाणं ते बदली होऊन गेले तोवर त्यांचं ठरलेलं नव्हतं.

* * *

अविश्वासाच्या सभेत हात वर करून मतदान व्हायचं. आणि आमच्या भागात एक रीत होती. सभेला आलेल्या साहेबांना चहा-पोहे सरपंचाच्या घरून. त्याच्याच खुर्चीवर गदा आणायला आलेले असलात तरी! कित्येकदा आम्ही त्याच्या घरचे पोहे खाऊन त्यालाच घरी बसवून आलो आहोत.

एका गावात साहेबांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूनं कोण?" नऊ सदस्य, नऊ हात वर. साहेबांनी चष्मा सारखा केला. पुन्हा मोजले. नऊ! सरपंचाचाही हात वर होता.

"अहो, ठराव तुमच्याविरुद्ध आहे!"

"मालूम हाय ना, सायेब."

"मग हात काहून वर केला?" हे मी विचारलं. साहेब तिसऱ्यांदा हात मोजत होते.

सरपंच ओशाळून म्हणाला, "साऱ्यायनं केला, बाबू. चार मानसायत मीच हात खाली घेऊन बसू? बरं दिसते का ते?"

ठराव एकमतानं पास. साहेबांनी सही केली. सगळे उठले, पण दारात घुटमळले. मग सरपंचाच्या लक्षात आलं. "आता सरपंच तं मी राहिलो नाई. मंग सायबाले चहा कोनाच्या घरचा?"

यावर मात्र एकमत झालं नाही! अर्धा तास वाद. शेवटी त्याचीच बायको किटली घेऊन आली आणि म्हणाली, "तुमचं राज्य जाऊ द्या चुलीत, चहा थंडा होऊन राहिला!"

* * *

श्रावणभाऊची सभा शाळेत झाली. पोरांना सुट्टी दिलेली. खिडकीतून तलाव दिसत होता, पाळीला नवी माती टाकलेली. दुपारची वेळ, पाण्यावरून वारा येत होता, आणि मला सारखं वाटत होतं की हे काही खरं नाही, आत्ता आपण जागे होऊ आणि हे दोघं शेजारी बसून विडी ओढत असतील.

नोटिशीत लिहिलं होतं, 'मनमानी कारभार करणे व सदस्यांना विश्वासात न घेणे.' तालुक्यातल्या प्रत्येक नोटिशीत हेच असायचं, कारण चिंचेखाली बसून सगळ्यांचे अर्ज लिहून देणारा एकच अर्जनवीस होता आणि त्याला दुसरं वाक्य येत नव्हतं.

साहेबांनी डोमाजीला विचारलं, "काय मनमानी केली यांनी?"

डोमाजी उंच, काळा, कमी बोलणारा. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "केली. त्याले मालूम हाय."

"मले नाई मालूम," श्रावणभाऊ म्हणाला.

"पाहा! त्याले मालूम बी नाई!" डोमाजी भडकला आणि खाली बसला.

मी हळूच म्हटलं, "साहेब, पुरावा तर काहीच नाही."

साहेब म्हणाले, "इथं लागत नाही. विश्वास उडाला म्हणतात, एवढं पुरे. विश्वास उडाल्याचा पुरावा कोण कुठून आणणार?"

सात हात वर गेले. डोमाजीचा सगळ्यात शेवटी. टोल्यावरचा सदस्य तर ढसाढसा रडला.

श्रावणभाऊ साहेबांना म्हणाला, "सायेब, खुर्चीची सजा झाली. आता जेलाची केस मिटन ना? एका गुन्ह्याले दोन सजा कशा?"

"ही शिक्षा नव्हे, श्रावणराव," साहेब समजुतीनं म्हणाले. "गावानं दिलेली वस्तू गावानं परत घेतली. शिक्षा द्यायची की नाही ते उजवीकडची खोली ठरवेल. पुरावा बघून."

श्रावणभाऊनं खांद्यावरचा दुपट्टा काढला. मग म्हणाला, "मले तं हेच जास्त लागलं, सायेब."

त्यानं दुपट्ट्यानं खुर्ची पुसली आणि डोमाजीला म्हणाला, "बस." डोमाजी बसला नाही. पुढं डोमाजीच सरपंच झाला, पण ग्रामसेवक सांगायचा, त्या खुर्चीवर कधी बसत नाही, बाजूच्या बाकावर बसून सह्या करतो. मला वाटलं, एवढा राग!

* * *

केस काही बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, येईना. तारीख, पुन्हा तारीख. श्रावणभाऊ दर तारखेला यायचा आणि प्रश्न तोच, फक्त हंगाम बदललेला. "रोवनीले मी घरी राहीन का, बाबू?" पुढच्या वेळी, "कापनीले?" मग पुन्हा, "रोवनीले?" दोन वर्षं गेली अशी. त्याच्या बायकोनं म्हणे बैलजोडी हाकायला स्वतः शिकून घेतलं होतं, वेळ आली तर असावं म्हणून. हे त्यानं मला हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

एकदा आम्ही चिंचेखाली बसलो असताना काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. कुठल्याशा खात्याचे ओव्हरसियर. रस्त्याखालच्या मोरीसाठी आलेले सिमेंटचे पाईप मोरीत न जाता यांच्या पेरूच्या बागेत निघाले होते! पण सरकारी माणसावर कोर्टात केस चालवायची तर आधी वरून मंजुरी लागते. नाहीतर कोणीही उठून साहेबांवर फिर्याद ठोकेल आणि कामं बंद पडतील. मंजुरीचा कागद इथून भंडाऱ्याला, तिथून नागपूरला, तिथून मुंबईला गेला आणि सावकाश परत आला. तोवर ओव्हरसियर रिटायर होऊन आजोबाही झाले होते.

ते तुळशीरामाला म्हणाले, "बाबा, पेन्शनचा कागद डावीकडं आहे आन केस उजवीकडं. एकाच चकरेत दोन्ही कामं होतील का? गुडघे दुखतात."

श्रावणभाऊ माझ्या कानाशी लागला. "माझ्यासाठी नाई लागत का हे मंजुरी?"

"तुझ्यासाठी कोणी मागितली नाही," मी म्हटलं.

"गरिबाचं काम कसं झटपट होते, पाहा!" असं म्हणून तो आपल्या तिसऱ्या वर्षाच्या तारखेला निघून गेला.

* * *

चिखल्याच्या खाणीकडच्या एका माजी सरपंचाची केस उलटी. त्यालाही गावानं पाडलं होतं, पुढं मारामारीची केसही लागली. केसमधून तो निर्दोष सुटला. निकालाची नक्कल घेतली, छातीला लावली आणि थेट पंचायतीत जाऊन खुर्चीवर बसला! नवा सरपंच बिचारा दारात उभा.

ग्रामसेवक सायकल मारत कचेरीत आला. साहेबांनी त्या माजी सरपंचाला बोलावून घेतलं.

"कोर्टानं मले निर्दोष सोडलं, सायेब. हे पाहा शिक्का. आता माझी खुर्ची!"

साहेबांनी नक्कल पूर्ण वाचली. बराच वेळ चिंचेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, कोर्टानं म्हटलं, तुम्ही मारामारी केल्याचं सिद्ध झालं नाही. गावानं म्हटलं, तुम्ही आम्हाला नको. कोर्टानं काही गावाला 'यांच्यावर प्रेम करा' असा हुकूम दिलेला नाही."

माणूस खाली मान घालून गेला. जाता जाता तुळशीरामाला म्हणाला, "जेल झाली असती तं लोकायले दया तरी आली असती गड्या!"

* * *

आणि मग एकदाची श्रावणभाऊची केस उभी राहिली. मी रजेचा अर्ज टाकून उजवीकडच्या खोलीत जाऊन बसलो.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल. मी एकट्यानं फोडली. दुसरं कोनी नवतं."

साहेब म्हणाले, तरी साक्षी ऐकू. पहिले दोन साक्षीदार म्हणजे अविश्वासाला हात वर केलेलेच सदस्य. दोघांनीही सांगितलं, पाऊस होता, दिसलं नाही. सरकारी वकील वैतागले. "तेव्हा तर यांच्याविरुद्ध हात वर केला होता!"

"तो हात येगळा होता, वकीलसायेब," त्यातला एक म्हणाला.

मग डोमाजी. मुख्य साक्षीदार. धान त्याचं बुडालेलं, पाडलं त्यानंच, तो काही सोडणार नाही, असं सगळे धरून चालले होते. श्रावणभाऊनं डोळे मिटून घेतले. डोमाजीनं शपथ घेतली. वकिलांनी मुद्देमालातली कुदळ वर धरली, चिठ्ठी बांधलेली.

"ही ओळखता?"

"ओळखतो ना. माझीच हाय."

"तुमची? मग आरोपीनं चोरली होती का?"

"चोरन कायले? मीच देल्ली त्याच्या हातात. आन मनलं, माझ्या बांधीकडून फोड, टोल्याकडून नोको. खाली लेकरं हायेत."

वकिलांचा हात कुदळीसकट वरच राहिला.

डोमाजी आरोपीच्या पिंजऱ्याकडं वळला. एवढं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "आन हा मानूस त्या दिसापासून साऱ्या दुनियेले सांगून राहिला, मी एकट्यानं फोडली! पोलिस आला तं एकट्यानं, मोठा सायेब आला तं एकट्यानं! टोल्यावरच्या बाया त्याची आरती कराले लागल्या. बारा एकर माझं गेलं, सायेब, मी देल्लं ते! आन मी कोनीच नाई? मनून पाडलं मी याले!"

"अरे येड्या!" श्रावणभाऊ पिंजऱ्यातून ओरडला. "तुले जेल होईल मनून एकट्यानं मनत होतो ना मी!"

"मंग मले सांगाचं होतं!"

"तू बोलत होता का माझ्याशी?"

"शांतता!" मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, पण फार जोरात नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर अडीचला निकाल वाचला. पाळ फोडली हे शाबीत आहे, आरोपीलाही कबूल आहे, म्हणून दोषी. माणसं वाचवण्यासाठी फोडली, हेही नोंदलं. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे साहेब उठेपर्यंत त्याच खोलीत बसून राहायचं, मग घरी.

"तुमच्यावर खटला नाही," साहेब डोमाजीला म्हणाले. "तुम्ही जाऊ शकता."

"कायले नाई?" डोमाजी म्हणाला.

साहेबांनी पुढची फाईल ओढली. श्रावणभाऊ भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसला. डोमाजी दारापर्यंत गेला, परत फिरला आणि त्याच बाकावर बसला.

कोर्टाचा शिपाई आला. "तुमाले सजा नाई झाली. उठा इथून."

"नाई झाली तं नाई झाली," डोमाजी म्हणाला. "बसाले बी मंजुरी लागते का?"

त्यानं कनवटीची तंबाखू काढली, चुना लावून तळहातावर मळली आणि अर्धी श्रावणभाऊपुढं धरली. तोंडाकडं न बघता. श्रावणभाऊनं घेतली. शिपायानं खिडकीबाहेर पाहिलं.

त्या मॅजिस्ट्रेटसाहेबांचं एक होतं. कोर्ट साडेपाचच्या आधी कधी उठलं नव्हतं. पावसाळ्यात छत गळलं तेव्हा टेबल सरकवून, वर छत्री धरायला लावून त्यांनी बोर्ड संपवला होता. त्या दिवशी बोर्डावर अजून सहा केसेस होत्या, बाहेर पक्षकार बसलेले होते. साहेबांनी बाकावरच्या दोघांकडं पाहिलं. पेनाला टोपण लावलं.

"आज माझं डोकं दुखतंय," ते म्हणाले आणि उठले.

घड्याळात पावणेतीन वाजले होते.